काळ्या ग्रीनची वही

पौषात टाइम ऑफिसातून नवी वही मागून आणली.
पहिल्या पानावर मैदानाचं नाव, खाली माझं:
शकुन कोहळे, हजेरी कारकून, हँडिकॅप अठ्ठावीस.

आमची ग्रीन हिरवी नाही.
मँगनीजच्या चुऱ्यात डंपरचं जळकं ऑइल कालवून
गोऱ्या साहेबांनी लिंपली होती, आम्ही अजून तशीच लिंपतो.
साडीला डाग लागला की लागला.

फागुलाल उईके त्याच महिन्यात प्रो झाला.
पाणी भरल्या जुन्या खदानीत बुडी मारून
बॉल काढायचा तो, रुपयाला एक,
कापलेला असला तर आठ आण्यात.
त्याच्या नावापुढे 'व्यावसायिक' लिहायला
मी शाईचा पेन घेतला.

फाल्गुनात जमशेदपूरहून फोन:
चौऱ्याहत्तर, शहात्तर, कट हुकला.
'ताई, इथली ग्रीन खरंच हिरवी हाये वं.
बॉल थांबतच नाही.'

चैत्रात मोहफुलं पडतात, म्हणून तिसरा आणि सातवा होल
सकाळी अर्धे बायांचे.
शेडच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात स्थानिक नियम चार:
वेचणारी वाकलेली असेल तोवर फटका मारू नये.
टोपलीत पडलेला बॉल टोपलीवालीचा.
नवे सर्व्हेअर पिंपळशेंडे साहेब चिडले,
'हे कुठल्या रूलबुकात?'
'माह्या,' म्हणाली फागुलालची आई,
आणि पुढच्या झाडाखाली गेली.

वैशाखात शेहेचाळीस अंश.
साडेपाचला टी-ऑफ, आठला दार लावून घरात.
कोइंबतूरला एका फटक्यानं कट हुकला.
एंट्री फी, जनरलचं तिकीट, धर्मशाळेची खोली,
तो सांगायचा, मी लिहायची.
बक्षिसाच्या रकान्यात आडवी रेघ.
ती तरी सरळ यावी म्हणून पट्टी घ्यायची.

मग रोवणी. मैदानावर म्हशी,
माणसं बांधीत गुडघाभर चिखलात.
मी ओसरीत लोटा आडवा ठेवून पटिंग करायची.
शेजारची विचारायची, 'लोटा काहून वाजून रायला?'

भाद्रपदात कोलकात्याला कट पार!
एकोणपन्नासावा.
त्याच्या आईला सांगायला मी टेकडीपलीकडे चालत गेले.
'म्हंजे अठ्ठेचाळीस जण त्याच्या पुढं?'
'हो.'
'आन् मागं किती?'
मी यादी पाहून मोजले. 'एकाहत्तर.'
'मंग बरं हाये,' ती म्हणाली, आणि चहा ठेवला.

मंडईच्या रविवारी आमचा कप.
लाकडी फळीवर पाच वर्षं त्याचंच नाव.
रातच्या गाडीनं आला, डोळे लाल,
नवे बूट अजून हातातच.
मी नियम वाचायला घेतला:
हौशी खेळाडूंखेरीज...
'ठाऊक हाये ताई,' म्हणाला, आणि माझी बॅग उचलली.
'ठेव ती. लोक काय म्हणतील?'
'कॅडी म्हणतील.'

नवव्या होलवर त्यानं पाटा फिरवून
काळा चुरा सारखा केला, अगदी हळू,
जसं कुणाचं अंथरूण घालावं.
'सरळ मारा. इथं बॉल थांबते.'
थांबला. पण भोकाच्या वीतभर अलीकडे.
मी सतरावी आले. कप पिंपळशेंडे साहेबांना गेला.

शेडमागे मी त्याला चाळीस रुपये दिले.
घेईल असं वाटलं नव्हतं.
त्यानं मोजून घेतले.
'प्रो हाये मी. फुकट कसा करू?'
दंडारीचा ढोल सुरू झाला होता,
तो आईला शोधत तिकडे गेला.

रात्री वही उघडली.
चाळीस, माझ्या खर्चात.
चाळीस, त्याच्या कमाईत.
रेघ मारायची गरज पडली नाही.

मार्गशीर्षात वर्कशॉपला अर्ज दिला:
जळकं ऑइल, दोन पिंपं, नऊ ग्रीनसाठी.
साहेबांची सही व्हायची आहे अजून.
वहीत चार पानं कोरी उरलीत.