कुलरवाल्याची धामण

सिंदेवाहीहून नागभीडकडं जाताना डाव्या हाताला माझं दुकान.
पंप, पंखे, वाळ्याच्या ताट्या, गंजलेले स्टँड.
मे महिन्यात लोक मला डॉक्टरासारखं झोपेतून उठवतात.

तसंच उठवलं गार्ड मेश्राम बाईंनी.
गोणपाटात धामण,
रोटाव्हेटरनं पाठ उघडलेली,
ढोरांच्या डॉक्टरनं घातलेले सात टाके.
"रजिस्टरात लिवलं हाये. टाके निघतवरी ठेव.
एवढ्या उन्हात चंद्रपूरले न्याव तं रस्त्यातच जाईन थे."

घर म्हणून तिला दिलं
एका मेलेल्या कुलरचं धड.
पंखा काढला, मोटर काढली.
तिन्ही जाळ्यांतून झळ यायची,
म्हणून दोन बाजूंना फ्लेक्स ठोकला
कुणाच्या तरी वाढदिवसाचा.
भाऊंचं हसू आतल्या अंगाला गेलं, जोडलेल्या हातांसकट.
तिसऱ्या बाजूला ओली ताटी.

गहाण्याच्या पोल्ट्रीतून काटा आणला उसना,
हवेतली ओल मोजणारा.
बाहेर, चिंचेखाली: अठरा.
आत: पंचावन्न.
मी खूश.
मग साठ केले. मग, माणूसच मी, ऐंशी.
पोतं भिजवलं, तळ भिजवला,
घमेलं काठोकाठ.

चौथ्या दिवशी तिच्या पोटाच्या खवल्यांवर
तांबूस फोड, जवसाच्या दाण्याएवढे.

आणि मीच गावभर सांगत फिरतो,
बाई, कुलर बंद खोलीत लावू नका,
खिडकी उघडी ठेवा,
नाहीतर पापड सादळतात, गाद्या कुबटतात,
अंग चिकचिकतं आणि झोप लागत नाही.
तेवीस वर्षं
हे सांगायचे पैसे घेतोय.

भाऊंना एका बाजूनं काढलं.
तळाला कोरडं वर्तमानपत्र, फोडांना औषध.
काटा तिशीवर. फोड बसले.
पण तिचे डोळे दुधाळले,
दह्याच्या निवळीसारखे.
कात यायची होती, आणि येईना.
मानेवर पापुद्रा सुटला तो तिथंच वाळला.
जाळीवर नाक घासून घासून नाक सोललं.
ओल द्यावी तर फोड, न द्यावी तर हे.
मी काट्याकडं बघत बसलो,
परीक्षेत घड्याळाकडं बघतात तसा.

देवांगना तेव्हा तेंदूच्या फळीवरून आली.
पंधरा दिवस दुकानाच्या उंबऱ्याच्या आत नव्हती आली,
साप आहे म्हणून.
उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली,
"पुडके कडक भरले तं चुरा होते,
ओले भरले तं बुरशी.
सबन कायले भिजवतं? एक कोपरा दे तिले.
लागन तं जाईन, नाई तं नाई."

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला
तापल्या सळईनं तिनंच दार पाडलं.
आत नारळाचा काथ्या, भिजवून, पिळून.
"मूठ दाबली तं थेंब नाई पडला पायजे," म्हणाली,
आणि मूठ दाबून दाखवली.
थेंब पडला नाही.

दोन दिवस धामण त्या डब्यात.
दारातून फक्त जीभ, आत बाहेर.
तिसऱ्या पहाटे काथ्यावर कात,
मोज्यासारखी उलटी,
डोळ्यांवरच्या काचांसकट.
टाक्यांपाशी तेवढी फाटलेली.

टाके निघाले. मेश्राम बाईंनी सही घेतली.
बोडीच्या पाळीवर, दिवस बुडताना,
बेशरमाच्या झाडोऱ्यात ती गेली.
आमच्याकडं वळून बघितलं वगैरे काही नाही.

काटा गहाण्याला परत द्यायचा राहिलाय.
घरात देवळीशेजारी टांगलाय.
रात्री बघतो, बावीस.
देवांगना झोपलेली, पाय पांघरुणाबाहेर,
महिनाभर जंगल तुडवून टाचांना भेगा,
कडेचा पापुद्रा उचललेला.
बावीस वर्षांत मी या घरातली ओल
एकदाही मोजली नव्हती.

उठतो. खिडकी चार बोटं उघडतो,
ताटीवर लोटाभर पाणी सोडतो, मग अजून एक.

"पुरे," ती झोपेतच म्हणते,
"टपकून राह्यलं."