बावीस अंशांवर

गुदैबियातल्या त्या बिल्डिंगचं नाव विसरलो.
फ्लॅट आठवतो : चौथा मजला, काचांना आतून चंदेरी फॉइल,
आणि दारातच बजावलेलं –
"माझ्या खोलीचा एसी बंद पडला तर पडू दे.
ह्या खोलीचा नको."

ह्या खोलीत कुणी राहत नव्हतं.
भिंतभर तबकड्या, उभ्या, खांद्याला खांदा लावून,
आठशे चौदा.
मुलं किती विचारल्यावर सांगावं तसा त्यांनी आकडा सांगितला.

मिस्टर लो. हाँगकाँगहून मनामाच्या गोदीत आलेले.
एकेचाळीस वर्षं जहाजांच्या पत्र्यावर हातोडे ऐकून
डावा कान गेलेला, उजवा तबकड्यांसाठी राखलेला.
माझं आडनाव लोणारे. त्यांनी ते अर्ध्यातच थांबवलं.
"तूही लो, मीही लो,"
आणि कॉम्प्रेसर उघडायच्या आधी बिनदुधाचा चहा.

कव्हरांवर फुगवलेल्या केसांच्या मुली,
पांढऱ्या सुटातले, रुंद खांद्यांचे, रुसलेले तरुण,
मागे ओल्या रस्त्यावर सांडलेले दिव्यांचे रंग.
किमतीचं लेबल त्यांनी एकाचंही काढलं नव्हतं.
दुकान उरलं नाही, म्हणाले, तिथे आता सरकता जिना आहे,
पण अठ्ठावीस डॉलर अजून इथे आहेत.
प्रत्येक पाकिटाच्या आत पेन्सिलीने
विकत घेतल्याची तारीख, आणि त्या दिवशी काय खाल्लं ते.
दोन वर्षांतून एक सुट्टी. येताना एक बॅग.
बायको म्हणायची सुकी मासळी ने,
ते हे आणायचे.

मी फिल्टर धूत असे आणि ते सुई टेकवत.
एक शब्द कळायचा नाही.
पण कळत नसलेलं गाणंही
तिसऱ्या सर्व्हिसिंगला पाठ होतं.

बहरीनची धूळ मैद्यासारखी.
कितीही रबरी पट्ट्या लावा, खाचेत जाऊन बसतेच.
एकदा ती बाई एकाच अक्षरावर अडकली :
गा. गा. गा. गा.
मी हसलो. आमच्यात याचा अर्थ होतो, म्हटलं.
त्यांच्यात काय?
"काहीच नाही," लो म्हणाले,
"वाक्याच्या शेवटी येतं. अर्थ नाही त्याला.
पण नसलं तर बोलणाऱ्याचं
तुझ्यावर प्रेम नाही असं वाटतं."
मग मी सांगितलं, वर्ध्याकडे आमचंही असंच –
काय गा, कुठं चालला गा, बस गा.
त्यांनी सुई उचलली नाही बराच वेळ.

ऑगस्टात ट्रान्सफॉर्मर उडाला. सहा तास.
मी पोचलो तेव्हा ते बनियनवर,
बर्फाच्या बादल्या, ओले टॉवेल, पुठ्ठ्याने वारा घालताहेत
आठशे चौदा जणांना.
खिडकीकडची एकच गेली.
पापडाची कड उचलते तशी उचललेली.
तरी लावली. आवाज वर जायचा, खाली यायचा,
जशी कुणी होडीत उभी राहून गातेय.
आता रडतील, मला वाटलं.
"मला हे असंच आठवतं," म्हणाले. "आधी जरा जास्तच सरळ होतं."

ती वाकडी मला दिली.
खोलीतला सुगुणन म्हणाला, राख झाडायला बरी.
मी खिळा ठोकून लावली, मधल्या भोकातून,
पगाराच्या तारखांच्या कॅलेंडरखाली.

पुढच्या उन्हाळ्यात त्या फ्लॅटची तक्रार आली नाही.
त्याच्या पुढच्याही.

काल रात्री आर्वीहून बाबांचा व्हिडिओ कॉल.
जेवला का, म्हणत होते,
आणि रेंज गेली. चेहरा थिजला, तोंड उघडंच,
आवाज मात्र सुटला नाही :
गा
गा
गा
सुगुणन म्हणाला, कट करून परत लाव.
मी म्हटलं, थांब जरा.