घोडी

धकाते म्हणाले, "जॅक कोनताबी घे बाई,
घोडी पाहून घे."

गड्डीगोदामात, मे महिन्यात, सकाळचे अकरा.
दुकानापुढे मांडलेल्या लोखंडाला
हात लावला की हात लगेच परत येत होता.
मालकाने टेबलफॅन आमच्याकडे वळवला,
त्यातूनही भट्टीच आली.

जीप सत्त्याऐंशीची. बाबांनी लिलावात घेतलेली.
बाजूच्या पत्र्यावरचं 'वन' झिजून गेलंय
आणि 'खाते' तेवढं उरलंय.
खरंच खाते. डिझेल, रविवार, माझी बोटं.

आधी आला बॉटल जॅक. तांब्याएवढा,
अंगावर पाच टन लिहिलेला.
धकातेंनी तो आडवा केला, उलटा केला,
तान्ह्याचं बूड पाहावं तसं खाली बोट फिरवलं,
बोट हुंगलं. "झिरपते हा. रातभर ठेव,
सकाळी चार बोटं खाली भेटन."
तो बुटका ट्रॉली जॅक मी स्वतःच दाखवला,
चाकं गुळगुळीत होती, आवडला होता मला.
"हा धरमपेठेतल्या कारींचा.
तुया जीपच्या पोटापर्यंत पुरतच नाय हात त्याचा."
मग तो लांबडा, कमरेच्या वर येणारा,
चिखलात रुतलेल्या गाड्यांसाठीचा.
त्याच्याबद्दल ते काही बोलले नाहीत.
दांडा वर करून सोडला फक्त.
खाडकन् उसळून तो जिथे थांबला
तिथे साधारण माणसाची हनुवटी असते.
समोरचा दात सोन्याचा का आहे
हे मी मग विचारलं नाही.

शेवटी दुसरा बॉटल जॅक घेतला, कोरड्या बुडाचा.
"धुऱ्याखाली लाव. चासी उचलशीन
तं कमानपाटे लोंबत राहतीन
अन् जॅक संपून जाईन, चाक तिथंच."

घोड्यांना मात्र तासभर लागला.
नव्या, लाल, दातेरी घोड्या त्यांनी पायाने सरकवल्या.
"दात आतून झिजते, दिसत नाय.
पिन दिसते."
मागच्या अंधारातून निघाली एक जोडी,
जाड पिनांची, रंग उडालेली,
एकेक उचलताना माझा खांदा बोलला.
"जॅक उचलते. धरत नाय.
उचलनारा येगळा, धरनारा येगळा,
हे लग्नाच्या आधी समजलं असतं तं..."
आणि पुढचं वाक्य त्यांनी
मालकाशी भाव करण्यात खर्चून टाकलं.

वाडीत घरापुढचं डांबर दुपारी मऊ होतं,
चप्पल चिकटते.
घोडीचे पाय त्यात बसले असते सावकाश, कुणाला न सांगता.
म्हणून खाली नागभीडच्या छोट्या लाइनीच्या
स्लीपरचे दोन तुकडे, भंगारात मिळालेले.
पुढच्या चाकांना गुटके. हँडब्रेकवर विश्वास नाही,
त्यालाही माहीत आहे.

बाबा काठी घेऊन बाहेर आले.
"एवढा खर्च? विटा होत्या ना."
तीस वर्षं विटांवर झोपत आले होते ते
याच गाडीखाली, मी टॉर्च धरून उकिडवी,
आणि आई आत,
भांडी मुद्दाम जोरात घासत.
तो आवाज तेव्हा मला रागाचा वाटायचा.

मी काही बोलले नाही. एक वीट आणली,
तिच्यावर हातोडी घातली, एकदाच.
बाबा लाल भुक्याकडे बघत राहिले.
मग काठी भिंतीला टेकवली,
मडगार्डला खांदा लावला
आणि होतं नव्हतं तेवढं सगळं वजन ढकललं.
घोड्या जागच्या हलल्या नाहीत.

"जा खाली," म्हणाले. "टॉर्च दे इकडे."

वर शॅकल, बुश, वंगणात मिसळलेली
कुठल्या कुठल्या जंगलांची माती.
उजेडाचा गोल कमानीवर थांबत नाही,
थरथरत टाकीवर जातो, परत येतो.
"दिसतंय का?" "दिसतंय."
"खोटं बोलतेस." "अं... जरा डावीकडे."

भुवईवर तेलाचा थेंब पडला, कोमट.
जॅक बाजूला आहे, सैल सोडलेला,
त्याचं काम संपलंय.
"तेराचा द्या," म्हटलं.
बराच वेळ पानांची खडखड.
मग गाडीखाली त्यांचा हात आला,
चौदाचा पाना घेऊन.