अंगठ्याच्या टप्प्यात

उजवा हात गेला तेव्हा
भाऊंनी आधी छापखान्याची चौकशी केली,
जो बंद होऊन एकवीस वर्षं झालीत.
मग फोन मागितला.

मी रविवारी बसून तो लावून दिला.
वर मोठं घड्याळ, खाली गोळ्यांच्या वेळा,
साखरेचा आलेख, व्यायामाची घंटा,
माझा फोटो, दाबला की थेट मला फोन.
आजव्याची पातळी दाखवणारं पानही समोरच ठेवलं,
कारण कारेलीबागेत राहणाऱ्याला
पावसाळ्यात देवाआधी धरण बघावं लागतं.

भाऊंनी पाहिलं. तोंड वाकडं होतंच,
आणखी वाकडं केलं.
'तुला केस लावता येत नाही.'

केस म्हणजे खिळ्यांची.
रावपुऱ्याच्या गल्लीत, जशुभाईंच्या छापखान्यात
भाऊ जुळारी होते.
एका केसमध्ये डोक्यावर रेघ घेतलेलं मराठी,
दुसरीत उघड्या डोक्याचं गुजराती,
आणि लग्नसराईत एकाच दुपारी
दोन्हीकडचे गणपती, खाली न बघता.
काना हाताशी. र आणि त त्याच्या शेजारी.
ङ, ञ पार वरच्या कोपऱ्यात:
'दूरच्या आत्या त्या. वर्षातून एकदा येणार,
त्यांना पुढची खोली कशाला?'

आता एकटा डावा अंगठा.
तोच, ज्याने कधी एक खिळा वेचला नाही,
स्टिकमधली ओळ पडू नये म्हणून
शेवटच्या अक्षराला टेकून नुसता उभा असायचा.
तो एकेक चौकोन दाबून धरतो,
चौकोन थरथरतात,
अंगठाही थरथरतो,
कोण कोणाला हलवतंय कळत नाही.

चार दिवस लागले.
घड्याळ गेलं दुसऱ्या पानावर,
'भिंतीवर आहे की.'
साखरेचा आलेख त्याच्याही मागे.
पैसे द्यायचा चौकोन अंगठ्याच्या अगदी मुळाशी आला,
आणि त्याच आठवड्यात कोपऱ्यावरचा सेवउसळवाला
मला थांबवून म्हणाला,
'भाऊने तरी ओछी ज आपुं छुं, बेन.'

माझा फोटो त्यांनी एक घर खाली ओढला.
मी विचारलं नव्हतं.
म्हणाले, 'वर पोचत नव्हतो.'

मधोमध चार घरं रिकामी राहिली.
मी तिथे हवामान टाकायला गेले
तर मनगट धरलं.
'मोकली जागासुद्धा शिशाचीच असायची.
वेचून घालावी लागायची.
तिचा खण सगल्यात मोठा.'
एवढं बोलायला त्यांना
तीनदा थांबावं लागलं.

काल जेवताना माझा फोन टेबलावर पडला होता,
माझ्याकडे तोंड करून.
भाऊ समोर बसलेले.
उलटं वाचायची सवय काही हाताबरोबर गेली नाही.
त्यांनी वाचलं: एक चौकोन, त्यात नऊ बारके चौकोन,
विमा, लॅब, रिपोर्ट, फिजिओ, व्हीलचेअर भाड्याने,
आणि खाली नाव, भाऊ.

चमच्यातला भात परत ताटात ठेवला.
'मला एवढ्याशा खणात?'
हसले की काय,
वाकड्या तोंडाचं नक्की सांगता येत नाही.

रात्री मी ते मोडलं.
नऊच्या नऊ घरं स्क्रीनभर पांगली,
आता लॅब शोधायला मलाच वेळ लागतो.

आज दुपारी नोंदणीच्या खिडकीत बसलेली,
समोर रांग, आणि मेसेज वाजला.
ळ त्यांच्या तोंडून अजून निघत नाही,
केळं मागतात ते केलं म्हणून.
कीबोर्डवरही तो सुटा दिसत नाही,
ल दाबून धरला की मागून डोकं काढतो.
त्यांना सापडला असावा.

ळळळळ ळळळ

रांगेतला माणूस म्हणाला, 'मॅडम, माझा नंबर.'
मी त्या मधल्या जागेकडे बघत होते.
ती चुकून पडलेली नव्हती.