बदलीवर आलेल्या माणसास

सांगलीत बदली झाली म्हणता.
घर मिळालं का, हे मी विचारत नाही,
घर मिळतं.
खायचं कुठं, हा खरा प्रश्न,
आणि तो मलाच विचारायला हवा होता,
कारण एकतीस वर्षं मी या गावाचे विजेचे मीटर वाचले.
दुपारी चारला ज्याच्या दारात उभा असेन
तिथून तळणाचा वास कुठल्या बोळातून येतो
ते वहीत आकड्याशेजारी टिपून ठेवलं.
साहेबांना वाटायचं, माणूस फार काटेकोर.

भडंगाची दुकानं पुष्कळ, पाट्या झगमगीत.
ती पाहुण्यांना न्यायला बरी.
तुम्ही मार्केट यार्डाच्या मागच्या गेटाला जा,
हळदीचे सौदे सुटता सुटता.
हमाल पिवळे, पापण्यासुद्धा पिवळ्या,
आणि आदगोंडा मगदूम कागदावर भडंग ओततो.
कांदा किती, विचारू नका,
तो तुमच्या तोंडाकडं बघून घालतो.
लसूण दाताखाली वाजला पाहिजे.
नाही वाजला तर सांगा खुशाल,
पुडा परत घेईल
आणि दोन दिवस तुमच्याशी बोलणार नाही.

चहा सांगलीत पिऊ नका. (हे मी सांगलीकर असून सांगतोय.)
मिरजेला जा, सतारमेकरांच्या गल्लीत.
वर भोपळे वाळत टांगलेले, खाली दस्तगीरचा स्टो.
समोर कुणीतरी तंबोऱ्याची तार पिळत असतो,
ती सुरात येईस्तोवर दस्तगीर चहा गाळत नाही.
एकदा वीस मिनिटं थांबलो.
तक्रार नाही.

संध्याकाळी आयर्विन पुलावर वारं खायला सगळेच जातात,
तुम्हीही जाल. कणीस तिथलं साधारणच.
पण पुलाच्या अलीकडं सायकलवर एक पोरगा
डब्यातून खरवस विकतो. त्याचं नाव मला माहीत नाही.
म्हैस व्याली तरच येतो, त्यामुळं
त्याची वाट बघणं म्हणजे दुसऱ्याच्या गोठ्यावर डोळा ठेवणं.

मटणाचं आत्ता सांगत नाही. तुमची-माझी ओळख अजून कच्ची आहे.

राहिली मिरचीभजी.

गावभागात, नदीकडं उतरणाऱ्या बोळात, डाव्या हाताला
निळं दार. भिंतीवर पुराच्या दोन रेघा,
एक कमरेला, एक डोक्याच्या वर.
तिथं हौसाक्का बसते. पाटी नाही.
मिरची उभी चिरून आत चिंच आणि तीळ,
पीठ इतकं पातळ की हिरवा रंग दिसतो.
एक बल्ब होता तिच्याकडं. महिन्याला अकरा युनिट, कधी बारा.
मीटर वाचून झाला की ती कागदात दोन भजी द्यायची.
नऊ वर्षं दिली. पैसे घेतले नाहीत.

थकबाकी साडेचारशे होती.
यादीत नाव आलं आणि यादी माझ्या हातात.
मी गेलो. तिनं भजी दिली.
मी खाल्ली.
बोटं पायजम्याला पुसली,
शिडी लावली, आणि वायर तोडली.

ती काही बोलली नाही. कढईखालचा जाळ पुरेसा उजेड देत होता.
उतरलो तेव्हा म्हणाली, दोन भजी, तीन रुपये.

मी दिले.
त्यानंतर त्या बोळात गेलो नाही, बदलून दुसरा भाग मागून घेतला.
चव मात्र, खोटं कशाला बोलू, अजून जिभेवर आहे.

तर तुम्ही जा.
सहानंतर जा, गर्दी असेल, उभं राहायची तयारी ठेवा.
माझं नाव सांगू नका.
पैसे आधी द्या.
आणि खाताना सहज मान वर करून बघा,
दारावर मीटर आहे का.
असला, तर चाक फिरतंय का.

आकडा मला कळवा.