इलॅस्टिक

कंडक्टर ओरडतो, पागलखाना, चला पागलखाना,
आणि दोघं-तिघं मान खाली घालून उतरतात.
पूर्वी मी एक स्टॉप पुढे जायची,
तेवढं अंतर उन्हात परत चालत यायची.
आता तिकीटच त्या नावानं मागते,
सुटे पैसे देऊन, मोठ्यानं.

मला भरती केलं तो दिवस तान्ह्या पोळ्याचा.
इतवारीत पोरं घसा फोडून ओरडत होती,
घेऊन जा गे मारबत!
आणि भाऊजी माझी पिशवी घेऊन ऑटोत बसले.
मला वाटलं, बरोबर आहे.
मलाच म्हणतात.

आत चष्मा घेतला. बांगड्या घेतल्या.
सलवारचा नाडा ओढून काढला.
तुह्याच भल्यासाठी हाय बाई, अटेंडंट म्हणाली,
आणि नाडा बोटाभोवती गुंडाळून खिशात टाकला.
आमच्याकडे तीन पिढ्या माग चालला.
तुटलेलं सूत आम्ही गाठ मारून पुढे नेतो,
ओढून काढत नाही.

एकेचाळीस दिवस मी सलवार धरून जगले.
एका हातानं जेवले, एका हातानं तोंड धुतलं.
वेणीला दोन हात लागतात,
म्हणून वेणी नाही.
संडासच्या रांगेत, गोळ्यांच्या रांगेत
मूठ पोटाशी.

नऊ वर्षांनी तिथंच सोबतीण म्हणून लागले,
गळ्यात ओळखपत्र, खांद्यावर निळी ओढणी,
तेव्हा माझीच फाइल मागून घेतली.
लिहिलं होतं:
उजवी मूठ सतत पोटाशी आवळलेली.
काहीतरी लपवते. संशयी.
केसांची निगा नाही.

मी हसत सुटले.
रेकॉर्ड रूमचे उईके दादा घाबरले,
पाणी देऊ का, म्हणाले.
द्या जी, म्हटलं.

कमिटीत अकरा माणसं, एक कूलर, वाळ्याचा ओला वास.
मला पाच मिनिटं, चहाच्या आधीची.
त्यातली दोन टक्केवारीनं खाल्ली.
मग साहेब म्हणाले, कुंदाताई, आपला अनुभव सांगा,
थोडक्यात, आणि म्हणजे...
त्रास नाही ना होणार तुम्हाला?

मी अनुभव सांगितला नाही.
म्हटलं, सगळ्यांनी एक हात पोटाशी धरा.
सोडायचा नाही.
आता बिस्किटाचा पुडा फोडा.

कोणी हसलं, कोणी मोबाइलकडे पाहिलं.
डॉक्टर गजभियेंनी शेवटी दातानं फोडला.
मी म्हटलं, लिहा सर,
दातांनी वस्तू फाडतो. हिंसक.

कूलरचा आवाज तेवढा राहिला.

इलॅस्टिकचा भाव मी काढूनच आणला होता,
घाऊक घेतलं तर एका सलवारला चार रुपये.
ते मंजूर झालं.
वॉर्डात घड्याळ लावायला नाही म्हणाले.
चष्म्याचं विचाराधीन आहे,
दोन वर्षं विचारच करताहेत.

चहाच्या वेळी एका मॅडमनी हळूच विचारलं,
आता पूर्ण बऱ्या ना तुम्ही?
रात्री नऊची गोळी चालू आहे, म्हटलं.
उन्हाळा लागला की झोप उडते,
मग आठ दिवस रजा टाकते.
कारणाच्या रकान्यात कारणच लिहिते.
त्यांनी बशीत बिस्कीट ठेवून दिलं.

परवा कामठीची निखत आली, एकोणीस वर्षांची.
भिंतीकडे तोंड करून बसली होती.
मी जवळ बसले, म्हटलं,
मीही होते इथं, त्या खिडकीच्या खाटेवर.
झूट, म्हणाली,
आणि मला ढकललं.
दोन्ही हातांनी.

कोपर भिंतीवर आपटलं, सालटं निघालं.
सिस्टर धावत आल्या, पेन काढलं.
थांबा जी, म्हटलं, लिहू नका एवढ्यात,
मला तिला विचारू द्या.

फरशीवर कोपर चोळत बसले.
बराच वेळ.
मग तिनं माझ्याकडे पाठ केली,
केस सोडले,
आणि पुन्हा वेणी घालायला घेतली.