मधली ओळ

दगड कोरणारा मर्डो पुन्हा विचारतो,
'आडनाव एकदाच? नक्की?'
विनिफ्रेड पार्क काठी टेकवते.
'अक्षरामागे सहा पौंड घेतोस तू.
दोनदा कशाला?'

ट्वीड नदीकाठच्या त्या वृद्धाश्रमात
सात वर्षं गोळ्यांच्या डब्या बदलत राहिल्या.
हिचा रक्तदाब तिला, तिची साखर हिला.
खोली नऊ, खोली अकरा,
दोन्ही दारांवर तीच चार अक्षरं.
एकदा हिच्या नावानं आलेला केक
ओक-बुननं अर्धा खाल्ला, मग आणून दिला:
'चुकून आला. पण चांगला आहे.'
बोलणं सुरू झालं ते तिथून.

पार्क म्हणजे, विनिफ्रेड सांगायची,
कुंपण घातलेलं रान.
आत जमीनदाराची हरणं,
बाहेर आम्ही, कमरेला फाटकाची किल्ली.

ओक-बुन हसायची.
आमच्याकडे पार्क म्हणजे भोपळा.
भाजीचा नव्हे. वाळवून तुंबे करतात तो,
गवती छपरांवर रात्री पांढरा फुलतो तो.
भोपळ्याएवढ्या अंड्यातून एक पोर निघालं,
पुढे राजा झालं. आम्ही सगळे त्याचे.
चहाचा घोट घेऊन:
'सगळे म्हणजे काही लाख.'

तिनं बी लावलंही होतं, मागच्या कुंपणाशी.
वेल चढला, फुलला,
एकच फळ धरलं, मुठीएवढं.
सप्टेंबरच्या गारठ्यात काळं पडलं.
'राजा गेला,' ती म्हणाली
आणि आत जाऊन टीव्ही लावला.

मग एका रात्री वीज गेली,
आणि अंधारात माणसं बोलतात तसं
ती बोलली.
आजोबांना आडनाव नव्हतंच.
दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्याला ते कशाला लागतं?
शिरगणतीचा कारकून आला,
टाक दौतीत बुडवून थांबला.
'मालकाचं काय आहे?' आजोबांनी विचारलं.
'पार्क.'
'मग तेच लिहा. शाई वाळतेय तुमची.'

बराच वेळ कुणीच काही म्हणालं नाही.
मग विनिफ्रेड:
'माझं नवऱ्याचं.
एकाहत्तर साली डंडीला म्हणून गेला तो गेला.
दोन गोष्टी न्यायच्या विसरला.
छत्री, आणि हे.'
'छत्री कुठाय?'
'मोडली.'

आता तो र.
विनिफ्रेडच्या तोंडात तो खडखडतो,
दगडगोट्यांवरून बैलगाडी जावी तसा.
ओक-बुनच्या तोंडात तो नव्हताच कधी.
पा म्हणून जीभ मागे जाऊन थांबायची, दार लावल्यासारखी.
कुठल्याशा कचेरीत
इंग्रजी वळणानं कुणी तो मध्ये घुसवला,
पासपोर्टावर बसला, मग उठलाच नाही.
मी मराठीत लिहितो तेव्हा
तो क च्या डोक्यावर चढतो, रफार होऊन,
लग्नात कुणाच्याच ओळखीचा नसलेला पाहुणा
नेमका पहिल्या रांगेत बसावा तसा.

मार्चमध्ये ओक-बुन गेली.
इंचॉनहून मुलगा फोनवर म्हणाला,
आई तिथंच राहू दे, तिनं लिहून ठेवलंय.
आणि विनिफ्रेडला विचारायला
कुणी नव्हतंच.

औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा ती पुढे करते.
पेन्सिलीनं तीन ओळी:

विनिफ्रेड
पार्क
ओक-बुन

'माझ्यात आडनाव शेवटी,
तिच्यात आधी.
बस की मध्ये.'

मर्डो वरून वाचत येतो, मधल्या ओळीवर थांबतो.
मग तिथूनच निघून
खाली जातो.
चष्मा काढून पुसतो. पुन्हा वाचतो.
वरच्या नावाखाली जन्मसाल आहे,
पुढची जागा मोकळी.

'खालच्या बाईंना तो र चालेल?'
तो विचारतो. त्याला कुणी सांगितलं, कोण जाणे.

विनिफ्रेड नदीकडे बघते.
'कोर,' म्हणते.
'जरा उथळ कोर.'